गुरुवारी नाही

गुरुवारी नाही, नझीरभाई म्हणायचे,
गुरुवारी महावितरणची माणसं खांबावर चढतात.
आभाळ गडगडत असेल तेव्हा नाही.
आणि घाईत तर नाहीच. घाई असेल तर चहा पिऊन ये,
तरीही असेल तर घरी जा.

म्हणून शनिवार.
मार्केट यार्डाला सुट्टी, गाळ्यांची शटरं खाली,
कांद्याची सालं वाऱ्यावर,
एक गाय परवाचा झेंडू चघळतेय.
चोरडियाशेठच्या वजनकाट्यामागच्या खोलीत
मी टॉर्च दातांत धरून बोर्डावर वाकलेय.

पंधरा वर्षांचा बोर्ड. फेकत का नाही, सगळे विचारतात.
त्याच्या पाठीला नऊ सुयांचं पोर्ट आहे म्हणून.
काट्याची तार फक्त त्याच्याशी बोलते.
जुनी डिस्क आता कण्हते, आणि नवी
या बोर्डाला दिसतच नाही.
तेव्हा बायोस बदलायचा, म्हणजे
झोपलेल्याच्या डोक्याखालची उशी बदलायची,
जाग न येऊ देता.

दोन स्लॉटच्या मधे मुंगीएवढी अक्षरं: रिव्हिजन १.१.
१.० ची फाईल चालेल का, असं एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं.
चुलतभावाचा चष्मा चालतो का?
त्याचा बोर्ड अजून माझ्याकडे आहे, कागदांवर ठेवायला.

चालू केल्यावर आधी निळा पडदा,
त्यावर पिवळ्या अक्षरांत
बागवान कॉम्प्युटर, तपकीर गल्ली
आणि लँडलाइनचा नंबर.
नझीरभाईंनी स्वतः घातलेलं, रात्र जागून.
दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
नवी फाईल हे पुसणार, मला माहीत होतं.
मी फोटो काढला.
जुना बायोस पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, कुठे लागला तर.

यूपीएस माझा. कोंढव्याहून स्कूटीवर, दोन पायांमधे.
शेठ हसले, "लाईट कुठं जाते आता?"

सुरू.
वीज बंद करू नका, असं पडद्यावर.
शेठना वाचता येतं, पण ते पाठमोरे होते.
बावीस वर्षांची सवय त्यांना खोलीभर फिरवत होती:
खिडकीची कडी, महावीरांच्या तसबिरीला नमस्कार,
मेन स्विच.

खट्.

ट्यूब गेली. पंखा हळूहळू पाती मोजू द्यायला लागला.
यूपीएस किंचाळला.
एकसष्ट टक्के.
"अरे, अरे!" म्हणत शेठ पुन्हा स्विचकडे.
"हात लावू नका!"
वडिलांच्या वयाच्या माणसावर मी इतकी कधी ओरडले नव्हते.
त्यांचा हात हवेतच.
अंधारात आम्ही दोघं आणि ती बारीक पट्टी,
मुंगी साखरेचा दाणा ओढते तशी सरकणारी.
सत्तर. चौऱ्याऐंशी, तिथं उगाच थांबली. शंभर.

मग काळा पडदा.
तो किती वेळ काळा राहतो, हे कुठल्याच पुस्तिकेत नसतं.

मग लाल अक्षरांत कंपनीचं नाव.
तारीख एक जानेवारी दोन हजार नऊ, रात्रीचे बारा.
आजची घातली.
नव्यानं नऊ सुयांचं पोर्ट बंद करून टाकलं होतं,
जुनं दार कशाला म्हणून. ते उघडलं.
नवी डिस्क यादीत दिसली, निमूट.

काट्यावर ठेवायला काही नव्हतं.
शेठ स्वतः जाऊन उभे राहिले,
चाळीस टनांच्या पत्र्यावर एकटे, चप्पल काढून.
ऐंशी.
"दहाच्या पटीतच सांगतो तो," शेठ म्हणाले, "मी अठ्ठ्याहत्तर आहे."

फोटो सोलापूरला पाठवला, नझीरभाई आता लेकीकडे असतात.
संध्याकाळी उत्तर आलं:
रिव्हिजन बघितलंस ना?
आणि थोड्या वेळानं:
तो नंबर बंद आहे. कुणाला देऊ नकोस.